गाडी आधी की गाव आधी?



या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे असा रिवाज आहे. मी पंडित नाही. माझे शाळेचे शिक्षण दहावीशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात झाले. त्यातही डब्यातले अधिक, कारण तिथे हजेरी सक्तीची असते. म्हणून चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा म्हटले, आपण ज्या शाळेत शिकलो तिच्याविषयीच बोलावे. शहरापर्यंत लोकलगाडी नेण्याचा बेत कसा ठरतो, तो कोण ठरवतो आणि त्याचे पैसे कोण भरतो, हा आजचा विषय आहे.

वरवर पाहता हे काम इंजिनिअरांचे वाटते. रूळ, पूल, बोगदे, विजेच्या तारा. सामान्य माणसाने त्यात काय बोलावे? परंतु घराला विटा किती लागतात हे गवंडी सांगतो, घर कोणासाठी बांधायचे हे घरधन्याने सांगायचे असते. रेल्वेचे घरधनी आपण आहोत. आपण बोललो नाही तर घर उभे राहते खरे, पण ते दुसऱ्याच कोणाच्या सोयीचे उभे राहते.

आपल्या मुलखाइतकी या विषयाची जुनी साक्ष देशात दुसरीकडे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. २१ मैलांचे अंतर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिने. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी खटपट केली होती. पण कंपनीचा डोळा माणसांवर नव्हता, घाटापलीकडच्या कापसावर होता. माणूस त्या रुळांवर मागाहून चढला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी सुरू झाली आणि तिथून आपण ज्याला लोकल म्हणतो ती खऱ्या अर्थाने जन्माला आली. गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठायचे, तसे पुढे ते लोकलच्या वेळापत्रकावर उठू लागले.

आता मी आपल्याला खाडी ओलांडून पलीकडे नेतो, कारण बेत करून रेल्वे नेली गेली असे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण तिथे आहे. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' मासिकातून एक विचार मांडला. मुंबई हे उत्तर-दक्षिण लांबट बेट. सगळे सकाळी दक्षिणेला धावतात आणि संध्याकाळी उत्तरेला परततात. ही ओढ मोडायची असेल तर पूर्वेला, खाडीपलीकडे, दुसरे शहर उभारा. सरकारने ते मान्य केले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ९५ गावांच्या परिसरातील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी मुक्रर झाली.

कागदावर चित्र सुरेख होते. पण शहराला माणसे हवीत आणि माणसांना गाडी हवी. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर मोटारींचा पूल झाला. ज्याच्याकडे मोटार होती त्याची सोय झाली. ज्याच्याकडे नव्हती तो बसच्या रांगेत उभा राहिला. आगगाडी मानखुर्दला येऊन थबकलेली होती. समोर खाडी आणि खाडीपलीकडे शहर. रेल्वेचे म्हणणे असे, की पलीकडे पुरेसे प्रवासी नाहीत, मग गाडी कशाला? लोकांचे म्हणणे असे, की गाडी नाही, मग राहायला कसे जायचे? गाडी आधी की गाव आधी? कोंबडी आणि अंडे यांचा वाद घरी गंमत म्हणून ठीक असतो. इथे त्या वादात एका पिढीची वर्षे गेली. मानखुर्द ते वाशी गाडी सुरू झाली ती ९ मे १९९२ रोजी, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. १९९३ मध्ये ती नेरूळ-बेलापूरला पोचली, १९९८ मध्ये पनवेलला. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाडी धावू लागली २००४ च्या नोव्हेंबरात.

या शेवटच्या तारखेपाशी जरा थांबतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून कारखाने होते. रसायनांचे, औषधांचे, यंत्रांचे. हजारो कामगार ठाण्याहून, कळव्याहून, मुंबईहून तिथे बसने, ट्रकच्या पाठीवर, सायकलने जात. त्यांना रेल्वेची गरज सर्वांत अधिक होती, तेव्हा ती आली नाही. ती आली तोवर त्यातले बरेच कारखाने बंद पडले होते आणि त्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहू लागल्या होत्या. कचेरीतल्या मुलांना गाडी मिळाली याचा मला आनंदच आहे. तीही पगारदारच आहेत. पण ज्याने तीस वर्षे वाट पाहिली त्याच्या निवृत्तीनंतर गाडी आली, हे आपण विसरू नये. उशीर हा खर्चाच्या हिशेबात धरला जातो. कोणाच्या आयुष्यातून तो वजा झाला हे कुठल्याच हिशेबात येत नाही.

अशा बेताकडे पाहताना मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. तेच आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : ही गाडी कोणत्या रुळावरून जाणार? नव्या गावाला रेल्वे द्यायची म्हणजे शेवटच्या स्थानकापुढे आणखी रूळ टाकायचे, असा आपला समज असतो. परंतु गाडी शेवटच्या स्थानकात राहत नाही, तिला मुंबईत शिरायचे असते. हार्बरचेच पाहा. वडाळ्यापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाणारा एक आणि येणारा एक, असे दोनच मार्ग. त्यावरून पनवेलच्या बाजूच्याही गाड्या जातात आणि गोरेगावच्या बाजूच्याही. दर तीन ते चार मिनिटांना एक गाडी सोडली तर तासाला पंधरा ते वीस गाड्या होतात, पुढे अडकते. म्हणजे टोकाला आपण कितीही शाखा फोडल्या तरी बुंध्यातून रस जायचा तेवढाच जातो. एका शाखेला गाडी वाढवायची तर दुसरीची कापावी लागते.

दुसरा हिशेब गाड्यांचा. हा मी फळ्यावर खडूने कामगारांना शिकवलेला आहे, आपल्यालाही सांगतो. मुंबईहून वाशीला सुमारे ५० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन १००, दोन्ही टोकांना थांबायची मिळून २० धरली तर १२० मिनिटे. दर पंधरा मिनिटांनी गाडी हवी असेल तर आठ गाड्या लागतात. हीच फेरी पनवेलपर्यंत नेली तर एका बाजूला सुमारे ८० मिनिटे, सगळी मिळून १८० मिनिटे. आता बारा गाड्या हव्यात. रूळ टाकले, फीत कापली, पण चार गाड्या घेतल्या नाहीत, तर काय होते? पंधरा मिनिटांची गाडी साडेबावीस मिनिटांवर जाते आणि जुन्या स्थानकांवरचे लोकही शिव्या देऊ लागतात. म्हणून कोणी सांगितले की तुमच्या गावाला लोकल आणतो, तर त्याला हार घालण्यापूर्वी विचारावे : साहेब, गाड्या किती घेणार, त्या रात्री उभ्या कुठे करणार, आणि दुरुस्तीची शेड कुठे?

पश्चिमेकडेही हाच धडा आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणूला लोकल सुरू झाली. विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटर, डहाणू १२४. डहाणू, पालघर, बोईसर इथल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली होती. गाडी आली, पण विरारपुढे मार्ग दोनच. त्यांवर गुजरातकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही. लोकलला बाजूला थांबवून मेल पुढे काढायची, हे रोजचेच. म्हणून पुढे विरार-डहाणू चौपदरीकरणाचा बेत मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात घ्यावा लागला. आधी सेवा, मग रूळ असा तो उलटा प्रवास. तरीही मी त्या आंदोलकांना दोष देणार नाही. ते सेवा मागत राहिले म्हणून तरी रुळांचा विचार झाला.

दुसरा प्रश्न : पैसा कोणाचा? नवी मुंबईच्या रेल्वेत ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा कुठून आला? जमिनीतून. शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन, तिथे स्थानक येणार म्हणताच भाव चढतो, आणि तो चढलेला भाव वसूल करून रेल्वेचा खर्च भागवायचा. वाशी-बेलापूरच्या स्थानकांवर कचेऱ्यांच्या इमारती चढवल्या त्या याच विचाराने. शिवाय त्या मार्गावरच्या तिकिटावर वर्षानुवर्षे अधिभार होताच.

ही युक्ती मला तत्त्वतः पटते. रुळाने जमिनीचा भाव वाढतो. ती वाढ कोणी घाम गाळून मिळवलेली नसते. मग ती एखाद्या दलालाच्या खिशात जाण्यापेक्षा रुळासाठीच वापरली तर चांगले. पण या युक्तीला एक खोड आहे. स्थानकाच्या दारातली जमीन सर्वांत महाग विकायची म्हटली की तिथे श्रीमंताची इमारत उठते आणि त्याच्या दाराशी मोटार असते. ज्याला गाडीवाचून गत्यंतर नाही तो स्थानकापासून दोन-तीन मैल दूर फेकला जातो. मग त्याने रिक्षाला पैसे मोजावेत. महिन्याचा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत येतो. ही गरिबाला मिळालेली फार मोठी सवलत आहे. परंतु घर ते स्थानक या शेअर रिक्षाला पास नसतो. माझ्या संघटनेतल्या बायका सांगतात, आगगाडीपेक्षा रिक्षाचाच खर्च जास्त होतो. म्हणून स्थानकाच्या नकाशाबरोबर बसचा नकाशा मागितला पाहिजे आणि स्थानकाजवळ थोडी तरी कामकऱ्यांची घरे मागितली पाहिजेत.

तिसरा प्रश्न : जमीन कोणाची? इथे मला उरणचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. नव्या शहरासाठी ज्यांची शेते, मिठागरे, मासेमारीच्या खाड्या गेल्या त्यांत उरण-पनवेलचे आगरी-कोळी शेतकरी होते. भाव अपुरा म्हणून त्यांनी लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी बळी पडले. नेते होते दि. बा. पाटील. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत देण्याची योजना निघाली. दरम्यान १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. मालाच्या पेटाऱ्यांना रूळ लगोलग मिळाले. माणसांना? नेरूळ-बेलापूर-उरण या प्रवासी मार्गाचा पहिला भाग, खारकोपरपर्यंतचा, ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि उरणपर्यंत गाडी पोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी.

हिशेब आपणच करा. जमिनी मुक्रर झाल्या १९७० मध्ये, गोळ्या झाडल्या गेल्या १९८४ मध्ये, गाडी आली २०२४ मध्ये. ५४ वर्षे. जमीन देताना जो तरुण होता तो गाडीत बसायला राहिला असेल तर पंच्याहत्तरी ओलांडून. सत्तावीस किलोमीटरच्या वाटेत कांदळवन होते, वनखात्याची परवानगी होती, मोबदल्याचे वाद होते. ही कारणे खोटी नाहीत. पण पेटाऱ्यांच्या वाटेत ती इतकी आडवी आली नाहीत, हेही खोटे नाही. म्हणूनच त्या मार्गावरच्या स्थानकांना आमच्या गावांची नावे द्या असा तिथल्या लोकांनी आग्रह धरला, तेव्हा पुष्कळ शहाणी माणसे हसली. मी हसलो नाही. ज्याचे शेत गेले त्याचे निदान नाव तरी पाटीवर राहावे, ही मागणी लहान नाही.

जमिनीच्या प्रश्नाची दुसरी बाजू झोपडीची आहे. ऐरोली-कळवा जोडमार्गाचा हेतू चांगला : कल्याणकडच्या माणसाला ठाण्याला न उतरता नवी मुंबईत जाता यावे, ठाण्याच्या फलाटावरची रेटारेटी कमी व्हावी. त्यातले दिघा गाव स्थानक बांधून तयार झाले, काही महिने कुलूपबंद राहिले आणि १२ जानेवारी २०२४ रोजीच उघडले. पुढचा उन्नत मार्ग मात्र अडला, कारण वाटेत वस्ती आहे आणि तिला घरे द्यायची आहेत. लोक म्हणतात, झोपडीवाल्यांनी विकास अडवला. मी म्हणतो, झोपडीवालाही त्याच गाडीचा प्रवासी आहे. त्याच्या घराची किंमत पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरली असती तर गाडीही लवकर आली असती आणि तोही उघड्यावर पडला नसता.

चौथा प्रश्न मला सर्वांत जवळचा : गाडी किती वाजताची? बेत करणारे गर्दीच्या वेळेचे आकडे मोजतात. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ. पण शहर चोवीस तास चालते. परिचारिका, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, हॉटेलातली पोरे, पाळीतले कामगार, ही माणसे त्या आकड्यांत नसतात. आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) दुसरी पाळी अशा वेळेला सुटे की फाटकाबाहेर पडून स्थानक गाठेपर्यंत शेवटची गाडी डोळ्यांदेखत निघून जावी. माणसे फलाटावर वर्तमानपत्र पसरून पहाटेपर्यंत झोपत. आम्ही व्यवस्थापनाकडे पगारवाढ मागितली नाही, वीस मिनिटे मागितली. पाळी वीस मिनिटे अलीकडे घ्या. पाच महिने लागले. पगारवाढीच्या करारांवर मी पुष्कळ सह्या केल्या, पण त्या वीस मिनिटांच्या सहीइतका आशीर्वाद मला दुसऱ्या कुठल्याच सहीने मिळवून दिला नाही. एका कामगाराची बायको म्हणाली, "दादा, आता पोरांना बाप जागेपणी दिसतो."

बायकांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न दुप्पट होतो. १९९२ च्या मे महिन्यात, वाशीची गाडी सुरू झाली त्याच आठवड्यात, चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ महिलांसाठीची लोकल सुरू झाली. तोपर्यंत बायका नोकरी करत नव्हत्या असे नाही. वेळापत्रक करणाऱ्यांच्या नजरेत त्या आल्या नव्हत्या इतकेच. नवा मार्ग आखताना रात्री दहानंतर स्थानकाबाहेर दिवा आहे का, पोलीस आहे का, स्वच्छतागृह उघडे आहे का, हे प्रश्न रुळाच्या मापाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत.

कामगार चळवळीने आठ तासांच्या दिवसासाठी जीव टाकला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढून १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळवून दिली. आज त्याच रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, ही नियतीची थट्टा म्हणायची! थट्टा सोडा. जो माणूस रोज तीन तास प्रवासात घालवतो, तो महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास घालवतो. आठ तासांच्या हिशेबाने ते नऊ दिवसांहून अधिक भरतात. म्हणजे महिन्याकाठी नऊ दिवस तो बिनपगारी राबतो. आणि बसून राबतो असेही नाही. गाड्या इतक्या भरतात की रेल्वेलाच त्या गर्दीसाठी एका चौरस मीटरमध्ये उभी चौदा ते सोळा माणसे असे माप लिहावे लागले. गुराढोरांच्या वाहतुकीला कायद्याने जागा ठरलेली आहे; माणसांच्या बाबतीत आपण नुसते मोजून थांबलो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लोंबकळणारी माणसे गाड्यांतून पडली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. ती सकाळी कामावर निघालेली माणसे होती.

बेत एकदा केला आणि संपला असेही नसते. परळच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर हळूहळू मिटल्या. तिथे कचेऱ्या आल्या. पूर्वी तिथला कामगार चाळीत राहत होता, चालत कामाला जात होता. आता तिथे काम करणारा विरारहून आणि बदलापूरहून येऊ लागला. गर्दी बदलली, स्थानकाचा जिना तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. इमारतींच्या नकाशांना मंजुऱ्या मिळत होत्या तेव्हा, या इमारतींतली माणसे कुठल्या जिन्याने उतरणार, हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर?

आता आपल्या दाराशी येतो. पनवेल-कर्जत दुहेरी मार्गाला त्याच तिसऱ्या टप्प्यात मंजुरी मिळाली. सुमारे ३० किलोमीटर. चिखले, मोहोपे, चौक ही मधली स्थानके. तीन बोगदे आणि त्यांत वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब. कर्जतच्या माणसाला कल्याणचा वळसा टळेल, चौक-मोहोप्याला शहर जवळ येईल. चांगलेच आहे. पण त्या बाजूला फिरून पाहा. गाडीच्या आधी फलक येऊन पोचले आहेत. स्थानकापासून पाच मिनिटांवर, दहा मिनिटांवर, आजच नोंदणी करा! जमिनीने भाव घेतला आहे. शेतकऱ्याने अजून ठरवलेले नाही, दलालाने केव्हाच ठरवले आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. ज्या गावांना गाडी येणार आहे त्यांनी आजच एकेक समिती करावी. तिच्यात शेतकरी असावा, नोकरदार असावा, पाळीतला कामगार असावा, आणि बायका निम्म्या असाव्यात. मी सांगितलेले चार प्रश्न एका कागदावर लिहावेत. आपली गाडी पुढे कोणत्या रुळावरून जाणार आणि तिच्यासाठी नव्या गाड्या किती? पैसा कोण देणार आणि जमिनीची वाढ कोणाकडे जाणार? ज्यांची जमीन, ज्यांचे घर, त्यांना काय आणि केव्हा? पहिली गाडी किती वाजता आणि शेवटची किती वाजता? तो कागद घेऊन ग्रामसभेत जावे, नगरपालिकेत जावे, आमदार-खासदारांकडे जावे, रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे जावे. लेखी उत्तर मागावे. मिळाले नाही तर पुन्हा जावे. अधिकारी वाईट नसतात. त्यांच्यापुढे जो कागद असतो त्याचे ते उत्तर देतात. आपला कागद त्यांच्यापुढे नसेल तर दुसऱ्याचा असतो.

गाडी आधी की गाव आधी, या वादाचे उत्तर मी माझ्यापुरते शोधले आहे. गाडीही आधी नव्हे, गावही आधी नव्हे, माणूस आधी. तो कुठे राहतो, किती वाजता निघतो, किती वाजता परततो आणि परतल्यावर त्याच्यात पोरांशी बोलण्याइतके त्राण उरते का, हे ज्या बेतात पहिल्या पानावर लिहिलेले असेल तो बेत चांगला. बाकी रूळ टाकायला आपल्याकडे हुशार माणसे पुष्कळ आहेत.